गार बोटं

त्या रविवारी आईने दोडक्याच्या शिरांची चटणी केली होती. पुढे कितीतरी महिने उर्वीला त्या दिवसातलं एवढंच धड आठवायचं. बाकीचं सगळं ओढून काढावं लागे, धुतलेल्या कपड्यांच्या पिळ्यातून एखादा मोजा ओढून काढावा तसं. सप्टेंबर होता. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या घरामागच्या बागेत सफरचंदं पडून कुजत होती आणि बाबा दर वर्षीप्रमाणे ती उद्या उचलणार होते. इक्वेडोरहून परतून जेमतेम पंधरवडा झाला होता. जेवणाच्या टेबलावर फोटो पसरले होते, आणि तेलकट हात लावू नका, तेलकट हात लावू नका, असं म्हणत आई स्वतःच चटणीच्या बोटांनी एकेक फोटो उचलत होती.

"हा चिंबोराझो," बाबा म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय! कोतोपाक्सी आहे तो. चिंबोराझो केवढा बसका. हा कसा शंकूसारखा, टोपी घातलेला. आठवीतल्या पोरीसुद्धा सांगतील."

"आठवीतल्या पोरींना तू मारून मारून शिकवलंस."

"मारलं नाही हो कधी. बाकावर उभं करायचे फक्त."

"आई, माझी फोटो कुठेय?" पुष्कर म्हणाला. "लामाबरोबरची?" उर्वीचा हा धाकटा भाऊ इथेच जन्मला, इथेच वाढला, आणि त्याच्या मराठीत वस्तू मनाला येईल ते लिंग घेऊन वावरत.

"फोटो तो, लामा तो," बाबा म्हणाले, "आणि आमचं हे ध्यान ते."

सगळे हसले. उर्वी हसली का, ते तिला आठवत नाही. संध्याकाळी आईने तिच्या हातात उरलेल्या चटणीची बरणी दिली, बरणी परत आण हं, म्हणाली. उर्वी स्टेशनकडे चालू लागली. लंडनला, ईलिंगच्या आपल्या खोलीवर पोचेपर्यंत ती पुस्तक वाचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गावातल्या टपाल कचेरीत रांगेत उभी असताना खाली बसली, पुढच्या बाईला "सॉरी" म्हणाली, आणि मग उठलीच नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासूनच कच्ची होती, असं मागाहून सांगण्यात आलं. डोंगराशी, विमानाशी, उंचीशी काही संबंध नाही. हे कुठेही, केव्हाही झालं असतं. सांगणारी तरुण डॉक्टर भली होती, दिलासा द्यावा म्हणूनच बोलली. पण ते दोन शब्द, कुठेही आणि केव्हाही, उर्वीच्या आत जाऊन बसले ते बसलेच. जिन्यावर, रस्ता ओलांडताना, लायब्ररीच्या काउंटरवर कुणाचं पुस्तक स्कॅन करताना ते तिच्याबरोबर असत. फोन दोनदा वाजून बाबांनी उचलला नाही की तिसऱ्या वाजण्याआधी तिच्या मनात बाथरूमची फरशी, उघडा नळ, शेजाऱ्यांची किल्ली एवढं सगळं होऊन गेलेलं असे. आणि मग बाबा फोन उचलत. मग काहीतरी विचारावं लागे.

"साबुदाणा भिजवायला पाणी किती घालायचं?"

"हे तू मला दर आठवड्याला विचारतेस," बाबा म्हणत. "आणि साबुदाणा तू खात नाहीस."

त्यांच्या घरात काळजी अशीच विचारली जाई, आडून. भीती तर त्याहून आड. उर्वी चार वर्षांची असताना ते इथे आले. बाबांना भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली होती, आई वाईच्या शाळेतली भूगोलाची नोकरी सोडून आली होती. इथे तिने पुढे वीस वर्षं एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात फोन उचलले. पहिल्या हिवाळ्यात काय काय झालं असेल, बर्फ, परकी माणसं, दुपारी चारला पडणारा काळोख. पण त्या हिवाळ्याची घरात एकच गोष्ट सांगितली जाई, आईने रॉकेलचा वास येतो म्हणून शेजारणीला बोलावलं आणि तो निघाला बाबांच्या आफ्टरशेव्हचा. घाबरलो होतो, असं कुणी कधी म्हणालं नाही. उर्वीने पुस्तकांतून पाहिलं होतं की माणसं असं म्हणतात, पानंच्या पानं म्हणतात. ती वाचत असे आणि दुसऱ्या देशातले रीतिरिवाज वाचावेत तसं तिला वाटे.

मार्चमधल्या एका गुरुवारी, आई जाऊन दीड वर्ष उलटल्यावर, लायब्ररीत परत आलेली पुस्तकं ती ट्रॉलीवर लावत असताना फोन आला. बाबा कामाच्या वेळी फोन करत नसत.

"तिकीट काढलं," बाबा म्हणाले.

"कुठलं?"

"कीटोचं. मे महिन्यात. पुन्हा एकदा रेफ्यूजपर्यंत जाऊन येतो. वर काय, ते शिखर वगैरे नाही हं, एवढा खुळा नाही मी."

ती हो म्हणाली. छान, असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर ट्रॉलीवरचं एक पुस्तक तिने प्रवासवर्णनांत ठेवलं, मग काढलं, मग परत तिथेच ठेवलं. बाबा अडुसष्ट वर्षांचे होते आणि आदल्या वर्षी त्यांना स्टेंट बसवला होता. रेफ्यूज म्हणजे कोतोपाक्सीच्या अंगावर, बर्फ सुरू होतो त्याच्या जरा खाली बांधलेली गिर्यारोहकांची दगडी झोपडी. व्हॅन जाते तिथून वर पाहिलं की ती एवढीशी दिसते, हात लांब केला तर चिमटीत येईल अशी. मध्ये नुसती राख, तांबडी आणि काळी, पाऊल टाकलं की निम्मं मागे घसरणारी. मागच्या खेपेला बाबा आणि पुष्कर तिथवर गेले होते. आई नाही. बाबांनीच तिला व्हॅनमध्ये थांबवलं होतं.

खरं तर ती सगळी सहलच आईची. माणसं दक्षिण फ्रान्सला जातात, फार तर केनियात वाघ-सिंह बघायला जातात, असं पुष्कर म्हणाला, तेव्हा केनियात वाघ नसतात हे आईने आधी सांगितलं, आणि मग इक्वेडोर. वाईला घराच्या पायऱ्या, घाट, विहिरी सगळं काळ्या दगडाचं, आणि तो काळा दगड म्हणजे कधीकाळी वाहत आलेला लाव्हारस, हे तिने बाविसाव्या वर्षापासून पोरींना फळ्यावर काढून दाखवलं होतं. "आपण सगळे निवलेल्यावर जन्मलो," ती म्हणायची. "एकदा ऊन असलेला बघायचाय." नकाशावर काठीच्या टोकाने तिने अँडीज पर्वत वरून खाली इतक्यांदा दाखवला होता की तिथे पोचल्यावर ती माहेरी आल्यासारखी वागली. तिथे प्यायच्या सूपमध्ये मक्याच्या लाह्या घालून देतात याचं पुष्करला हसू आलं तर म्हणाली, का रे, नागपंचमीला आपण खात नाही का लाह्या? बान्योसच्या गरम पाण्याच्या कुंडात डोक्याला प्लास्टिकची टोपी घातल्याशिवाय उतरू देईनात, तेव्हा पंजाबी ड्रेस आणि वर निळी टोपी अशी ती पाण्यात बसली, डोळे मिटून, आणि समोरचा डोंगर अधूनमधून करड्या धुराचा गोळा सोडत होता. उर्वीचं लक्ष त्या धुराकडे. बाहेर पडायचा रस्ता कुठला, व्हॅन कुठे लावली, पुष्करचे बूट कुठे. आईने डोळे न उघडता विचारलं, "उर्वे, पाणी बघ ना कसं आहे." पाणी छान होतं. हो छान आहे, असं ती काठावरूनच म्हणाली.

आणि रोज सकाळी नाश्त्याला बाबांचं ते यंत्र. बोटाला लावायचा चिमटा, रक्तात प्राणवायू किती ते टक्क्यांत सांगणारा. उंचीवर जायचं तर हवंच, म्हणून त्यांनी कुणा जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला. आता मराठी घरात सकाळी उठल्यावर प्रत्येकाला टक्के पडू लागले तर काय होणार? दुसऱ्या दिवसापासून त्या आकड्याचा निकाल झाला. पुष्कर नव्वदच्या वर, डिस्टिंक्शन. उर्वी फर्स्ट क्लास. बाबा स्वतःचा आकडा सांगत नसत, परीक्षक कधी स्वतःचे मार्क सांगतो का. आई बहुधा सगळ्यांत खाली असे, आणि जन्मभर पोरींना मार्क देऊन झाल्यावर आता हे भोगणं आलं, म्हणे. प्राणवायू कमी होणं हा नापास होण्याचा प्रकार नाही, हे त्या घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. तरी पुष्कर आईच्या आधी दीर्घ श्वास घेऊन तयार बसायचा, आणि उर्वी मनातल्या मनात आपला आकडा दिवसभर उगाळायची.

कोतोपाक्सीच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलात पडल्या पडल्या तिने एक पुस्तक वाचलं. सव्वाशेएक वर्षांपूर्वी तो डोंगर जागा झाला तेव्हा वरचं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा खालच्या गावांवर आला होता. तिने पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून तेच पान काढलं. सकाळी व्हॅन वळणं घेत वर जात होती तसं तिच्या छातीत काहीतरी घट्ट होत गेलं, आणि हे उंचीचं की त्या पानाचं, ते तिला ठरवता येईना. ती गप्प बसली होती. ती नेहमीच गप्प बसे, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. गाडीतळावर व्हॅन थांबली. बाबा आणि पुष्कर उतरून बूट बांधू लागले. आई खिडकीशी बसली होती. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, हातमोजा न घालता. वारा असा की दार उघडायला पुष्करला खांदा लावावा लागला होता.

"आई, काच लाव ना."

"थांब गं. हवा बघतेय."

हवा बघत ती बराच वेळ बसली, उर्वीकडे पाहत. डोंगराकडे नाही, तिच्याकडे. मग बाबा चिमटा घेऊन आले. आईने हात आत घेतला, शहाण्या मुलीसारखं बोट पुढे केलं. बाबांनी आकडा वाचला, परत वाचला, आणि त्यांचा चेहरा ऑपरेशन थिएटरातला झाला. "तू वर यायचं नाहीस, श्यामल. इथेच बसायचं. अर्ध्या तासात खाली नेतो." "नापास!" पुष्कर बाहेरून ओरडला. "मी थांबते आईबरोबर," उर्वी म्हणाली, आणि छातीतलं ते घट्ट एकदम सुटलं, इतकं की तिला लाज वाटली. दोघे राखेतून चढत लहान लहान होत गेले. आईने काच वर केली आणि आपला हात उर्वीच्या दोन्ही हातांत दिला. हात कसला, नदीतला गोटा. उर्वी तो चोळत राहिली.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "डोंगरावर चढलं की डोंगर कुठे दिसतो? मला वर जायचंच नव्हतं. मला असाच बघायचा होता."

आणि थोड्या वेळाने, भाजलेल्या मक्याचे दाणे तोंडात टाकत: "बाबांना नको हं सांगूस. त्यांना वाटू दे, वाचवलं म्हणून. बरं वाटतं पुरुषांना."

ढग सरकला. अख्खा डोंगर समोर उभा राहिला, पांढरा, तिच्या फळ्यावरच्या आकृतीसारखा नेमका, आणि आई बघत बसली. त्या व्हॅनमध्ये ती जितकी निर्धास्त होती तितकी त्याआधी कधी नव्हती, त्यानंतर तर नाहीच. तेवढ्या वेळाबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही, पुष्करलाही नाही. आई गेल्यावर घरी आलेल्या बायकांनी, एजवेअरहून आलेल्या शिल्पामावशीने, सगळ्यांनी आपापली आई पुढे मांडली, माझ्याशी अशी बोलली, मला असं शिकवलं. उर्वीने चहा केला. हे आपलं एकटीचं, असं तिला वाटे. पण एकटीचं ठेवलेलं काही तसंच राहत नाही, त्याला आतून वास येऊ लागतो. आईला खरंच वर जायचं नव्हतं का? की बाविसाव्या वर्षापासून धरलेला डोंगर तिने एका गप्प बसलेल्या पोरीकडे बघून सोडून दिला, आणि वर तिला ओझं वाटू नये म्हणून ते वाक्यही दिलं? की ती स्वतःच भ्यायली होती? तिन्ही आया उर्वीला ओळखीच्या होत्या. तिन्ही असंच म्हणाल्या असत्या.

शनिवारी ती रेडिंगला गाडी बदलून बेसिंगस्टोकला गेली. गाडीत पुस्तक उघडलं नाही. काय सांगायचं ते ठरलं होतं. आईला वर जायचंच नव्हतं, बाबा. एवढं एक वाक्य. मग तिच्यासाठी वर जाण्यात अर्थ उरत नाही, तिकीट परत करता येईल. वाक्य तिने रूळ बदलताना, बोगद्यात, फलाटावर म्हणून पाहिलं. ते बरोबर बसत होतं, आणि बरोबर बसत होतं म्हणूनच तिला त्याची धास्ती वाटू लागली.

बाबा दारातच भेटले, गिर्यारोहणाचे बूट घालून, पाठीवर सॅक.

"चल, माझ्या डोंगरावर येतेस?"

डोंगर म्हणजे गावातलं बहुमजली पार्किंग. सपाट गाव, चढायला दुसरं काही नाही. रोज सकाळी ते त्याचा जिना वरपर्यंत चढून उतरत. सॅकमध्ये तांदळाची मोठी पिशवी आणि भूलशास्त्राची जुनी मासिकं. "तांदूळ बासमती आहे," ते म्हणाले. "पडलो तर दाणे वेचून घे." ती हसली नाही. कोंदट, लघवीचा वास येणारा तो जिना. बाबांचा हात कठड्यावर. दर मजल्यावरच्या दाराशी त्यांचा श्वास जरा जास्त मोठा. ती एक पायरी मागे राहिली, ते मागे कोसळले तर धरता यावेत अशी, आणि सॅकमधल्या तांदळासकट आपण त्यांना धरू शकणार नाही हेही तिला दिसत होतं. वरून ट्रॉली घेऊन उतरणारी एक बाई थबकली. "यू ऑल राइट, लव्ह?"

"ट्रेनिंग," बाबा म्हणाले. "फॉर अ व्होल्केनो."

"ओह, लव्हली," बाई म्हणाली आणि जागा देऊन उभी राहिली.

"कार्डिऑलॉजिस्टला विचारलंत?" उर्वीने पाठमोऱ्या सॅकला विचारलं.

"विचारलं. तो म्हणाला, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात."

"म्हणजे नको म्हणाला."

"म्हणजे तो हुशार आहे."

सगळ्यात वरचा मजला उघडा होता. दोनच गाड्या उभ्या होत्या, वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी फरशीवरून फिरत होती. बाबा कठड्याला टेकले. ओठांचा रंग तिने पाहिला, मग पाहिला नाही असं केलं. खाली छपरं, बिझनेस पार्कच्या काचा, गोल गोल फिरणारे रस्ते; कुठे उंचवटा नाही. बराच वेळ ते नुसता श्वास घेत होते.

"गार बोटावर रीडिंग खोटं येतं," ते म्हणाले, जणू मघाचंच बोलणं चाललं होतं. "पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवायचो. आधी बोट चोळा, ऊब येऊ द्या, मग यंत्रावर विश्वास ठेवा. तिचं बोट माझ्या हातात होतं, उर्वी. बर्फ. मला कळत होतं ते गार आहे. ड्रायव्हर ढग येतायत म्हणून घाई करत होता, पुष्कर ओरडत होता, आणि मी... चोळलं नाही. दोन मिनिटं लागली असती. तिचं सगळं ठीक होतं. तिचा जन्मभराचा डोंगर, आणि मी तिला खोट्या मार्कांवर खाली बसवलं. आणखी एकदा जाऊन येऊ दे मला तिथवर. तिच्या वतीने म्हण, काहीही म्हण."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, घडी करून परत ठेवला. मग तिच्याकडे वळले. दीड वर्षात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"तू होतीस ना तिच्याबरोबर व्हॅनमध्ये. काय म्हणाली ती?"

वाक्य तयारच होतं. जिभेवर होतं. ते म्हटलं की बाबा सॅक खाली ठेवतील, हे तिला दिसत होतं; आणि असंही दिसत होतं की आपण पुन्हा आईच्या पदराआड जाऊन उभ्या राहू, तिच्या खांद्यावरून बोलू, तिला जाऊन दीड वर्ष झालं तरी. आई पुन्हा हात बाहेर धरील. त्या थंडीत.

"तिने मुद्दाम केलं," उर्वी म्हणाली.

"काय मुद्दाम?"

"हात. तुम्ही बूट बांधत होतात तेव्हा तिने काच खाली करून हात वाऱ्यात धरला होता. मी बघत होते. मला म्हणाली, वर जायचंच नव्हतं, डोंगर खालूनच बघायचा होता. आणि तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुम्हाला वाटू दे, वाचवलं म्हणून."

बाबांनी कठडा धरला. काहीतरी हसण्यासारखं त्यांच्या तोंडावर आलं आणि थांबलं. "लबाड," ते म्हणाले. "लबाड बाई." आणि मग, जुन्या सवयीने, रुग्णाला विचारावं तसं: "पण कशासाठी? तिला जायचं नव्हतं हे खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही. खरं असेल. नसेलही. तिने खालून बघितला तेव्हा ती खूश होती, एवढं मी बघितलं. पण हात बाहेर होता तेव्हा ती डोंगराकडे बघत नव्हती, बाबा. माझ्याकडे बघत होती."

"तुझ्याकडे? तुला काय झालं होतं? तुझं रीडिंग तर चांगलं होतं."

"हो. फर्स्ट क्लास."

ते वाट पाहत राहिले. पार्किंगच्या दारातून एक माणूस आला, गाडीत बसला, उतरणीवरून गोल गोल खाली गेला. त्याचा आवाज मजल्यामजल्यावरून ऐकू येत राहिला आणि मग नाही. उर्वीने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खांद्यावर रुतलेल्या सॅकच्या पट्ट्यांकडे पाहिलं. साबुदाणा, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं.

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली. वाऱ्यात तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "भीती वाटते मला, बाबा. तेव्हा वाटत होती, रोज वाटते, आत्ता जिना चढताना वाटत होती. आईचं मला माहीत नाही. माझं सांगते. तुम्ही जाऊ नका."